जुन्या गाडीचे ब्रेक आणि क्लचचे पाईप कसे बदलावेत

जुन्या गाडीचा ब्रेक पाईप बहुधा क्लिपखाली आधी सडतो. तिथे चिखल अडकतो, ओल टिकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून एक पाईप गळू लागला की मी सगळेच बदलतो, क्लचचाही. ब्रेक ऐन वेळी दगा देण्यापेक्षा दोन दिवसांची मेहनत केव्हाही परवडली.

पाईप शक्यतो तांबे-निकेलचा घ्या (९० टक्के तांबे, १० टक्के निकेल). तो गंजत नाही आणि हाताने वळतो. शुद्ध तांबे त्याहून मऊ असते, पण हादऱ्यांनी कडक होऊन चिरते. ब्रेकचा पाईप बहुतेकदा ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिमी बाहेरील व्यासाचा असतो. क्लचचा काही गाड्यांत १/४ इंची असतो, त्यामुळे मोजूनच घ्या.

आदल्या दिवशी सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. पाईप कुठून कसा जातो याचे भरपूर फोटो काढा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. नट सोडवायला फ्लेअर नटचा पाना (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणारा) वापरा, साध्या पान्याने कोपरे झिजतात. तरीही नट हलला नाही तर पाईप नटापाशी कापा आणि सहा कोनी सॉकेट चढवा. पाईप टाकायचाच आहे, पण सिलिंडरचे आटे वाचले पाहिजेत. उघड्या तोंडांना लगेच बूच लावा.

जुना पाईप फेकू नका, तोच नमुना. त्याच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी घ्या आणि नवा पाईप कटरने कापा. हॅकसॉने कापला तर कीस आत जातो. तोंडाची धार काढा, आतून हवा मारा.

आता फ्लेअर, म्हणजे पाईपचे तोंड फुलवणे. सगळ्या कामाचा जीव इथे आहे. काही गाड्यांत ४५ अंशांचा दुहेरी (काठ आत दुमडलेला) फ्लेअर असतो, तर काहींत बुडबुड्यासारखा गोल. एकाच्या जागी दुसरा बसवला तर तो आज ना उद्या गळणारच, तेव्हा जुने तोंड नीट पाहून तसेच करा. आधी तुकड्यांवर पाच-सहा फ्लेअर करून हात बसवा. तोंड मधोमध, सारखे आणि बिनचिरेचे हवे. शंका आली तर कापून पुन्हा करा. आणि दुसरे टोक फुलवण्याआधी दोन्ही नट पाईपवर ओवलेत ना, ते बघा.

वळणे गोल वस्तूभोवती हळूहळू द्या, पाईप चेपता कामा नये. दोन्ही नट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा, पाईप क्लिपांत बसवा, मगच पाना लावा. वीत-दीड वीत अंतरावर क्लिप हवी. नवा पाईप सायलेन्सरच्या पाईपपासून लांब असावा, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कुठे घासू नये. रबरी होज जुने असतील तर तेही बदला.

ब्रेक ऑइल नव्या, सीलबंद बाटलीतलेच भरा, कारण डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) हवेतला ओलावा शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. सिलिकॉनचे डॉट ५ यांत मिसळू नका. काही जुन्या सिट्रोएनमध्ये हिरवे खनिज तेल लागते. तिथे डॉट ऑइल टाकले तर सील जातात. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

एअर, म्हणजे पाईपांत अडकलेली हवा, बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकाची आधी काढतात. पेडल दाबा, चाकाच्या सिलिंडरवरचे निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सोडा, निपल बंद करा, मगच पेडल सोडा. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. क्लचची एअर स्लेव्ह सिलिंडरवरून (पाईपच्या दुसऱ्या टोकाला क्लच ढकलणारा सिलिंडर) अशीच निघते.

शेवटी कोणाला तरी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा. कागद ओला झाला नाही आणि पेडल खाली गेले नाही, तर मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून ब्रेक मारा. आठवड्याने पुन्हा गाडीखाली शिरून तेच जोड कागदाने पुसा.