गालिच्याच्या धंद्यात वेगळेपण कुठून येतं? भदोहीला कामाला येणाऱ्यांसाठी

टेक्स्टाईल शिकणारी आपल्याकडची मुलं इचलकरंजी, भिवंडी, सुरत, तिरुपूर इथल्या नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवतात. भदोहीचं नाव सहसा कुणी घेत नाही. मी इचलकरंजीत पदवी घेतली आणि भदोहीतल्या एका निर्यातदाराकडे मर्चंडायझर (गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यातला दुवा) म्हणून लागले. वाराणसी आणि प्रयागराजच्या मधलं हे गाव, शेजारचं मिर्झापूर आणि भोवतालची खेडी मिळून देशातलं हातविणीच्या गालिच्यांचं सर्वांत मोठं केंद्र बनतं. जवळजवळ सगळा माल परदेशी जातो. देशाच्या गालिचा-निर्यातीत अर्ध्याहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा आहे.

नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: एवढे निर्यातदार, सगळ्यांकडे तेच माग, तीच लोकर, मग गिऱ्हाइकाने आपल्याकडेच का यावं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: डिझाइन. मला हे उत्तर पटत नाही. हॅनोव्हरच्या डोमोटेक्स प्रदर्शनात एखादं डिझाइन चाललं की पुढच्या हंगामात ते चार ठिकाणी दिसतं. तुर्कस्तानात गाझियानतेपला ते पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लास्टिकच्या) धाग्यात यंत्रावर विणून निघतं, आणि किमतीत आपण त्याच्या जवळपासही जाऊ शकत नाही. नक्कल करायला एक फोटो पुरतो. म्हणून मी नव्या मुलांना सांगते, जे फोटोत येत नाही ते शोधा.

त्यासाठी आधी गाठ समजून घ्या. नऊ बाय बारा फुटांचा गालिचा म्हणजे १०८ चौरस फूट, म्हणजेच १५,५५२ चौरस इंच. एका चौरस इंचात १०० गाठी धरल्या तर साडेपंधरा लाखांहून जास्त गाठी होतात. सराईत विणकर दिवसाला सहा ते दहा हजार गाठी मारतो. आठ हजार धरा, चार विणकर शेजारी शेजारी बसवा, तरी नुसत्या विणाईला सात-आठ आठवडे लागतात. धुलाई, कटाई, फिनिशिंग त्यानंतर. टफ्टिंग गनने त्याच मापाचा गालिचा काही दिवसांत होतो, पण त्यात गाठ नसते. कापडात धागा रोवून मागून लेटेक्स (रबरी चीक) लावतात आणि वर दुसरं कापड चिकटवतात. गालिचा उलटा करून पाहिला की फरक कळतो. हा हिशोब तोंडपाठ नसेल तर गिऱ्हाइकाशी भावाबद्दल बोलूच नका.

याच हिशोबात आपली ताकद आहे. यंत्राच्या कारखान्याला एका डिझाइनचे बरेच नग काढल्याशिवाय परवडत नाही. हातमागाला एकच नग चालतो. कुणाला गोल जिन्याखाली बसणारा विचित्र आकार हवा असतो, कुणाला आपल्या सोफ्याच्या कापडाशी जुळणारा रंग. संसदेच्या नव्या इमारतीतले गालिचे मिर्झापूरच्या ओबीटी कंपनीने इथल्या विणकरांकडून करून घेतले. लोकसभेसाठी मोर, राज्यसभेसाठी कमळ, आणि सभागृहाच्या आकारात बसतील असे. तयार मालाच्या दुकानात अशी गोष्ट मिळत नाही.

पण एक नग उत्तम करणं सोपं आहे. आठ महिन्यांनी तोच रंग पुन्हा देणं फार कठीण, आणि माझ्या मते खरी पत इथेच ठरते. परदेशी डिझायनर पॉम बॉक्समधून, म्हणजे रंगवलेल्या धाग्याच्या गोंड्यांच्या पेटीतून, रंग निवडतो. रंगाई होते, गालिचा जातो, पुढच्या वर्षी तो त्याच रंगात जोडीचा लांब-अरुंद गालिचा (रनर) मागतो. लोकरीचा लॉट बदललेला असतो, पाणी बदललेलं असतं, रंगारीही कधी कधी बदललेला असतो. ज्या कारखान्यात प्रत्येक लॉटची कृती, धाग्याचा नमुना आणि ठरावीक दिव्याखाली तपासलेलं शेड कार्ड (रंगछटांच्या नमुन्यांचं कार्ड) जपून ठेवलेलं असतं, त्यांचं गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाही. हे काम कंटाळवाणं आहे. नव्या मर्चंडायझरने ते आवडीने अंगावर घ्यावं, वर्षभरात कारखान्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

मालाबद्दल खरं सांगणं हेही वेगळेपण आहे. ‘बांबू सिल्क’ नावाने विकला जाणारा चमकदार धागा बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनच, असतो. ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते, पाणी सांडलं की डाग राहतो. अमेरिकेत लेबलवर त्याला नुसतं बांबू म्हणता येत नाही, रेयॉन असं लिहावं लागतं. जो निर्यातदार आधीच सांगतो की हा गालिचा जेवणाच्या टेबलाखाली टाकू नका, त्याच्याकडे परत आलेला माल कमी असतो. लेटेक्सचंही तसंच. त्यात खडूची भर जास्त असेल तर काही वर्षांत मागून पूड गळू लागते. हे फोटोत कधीच दिसत नाही.

आणि माणसं. भदोहीचे माग कारखान्यात कमी आणि खेड्यांत जास्त आहेत. मध्ये ठेकेदार असतो. बालमजुरीच्या प्रश्नावरून १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने रगमार्क हे बालमजुरीमुक्त गालिच्यांचं लेबल सुरू झालं, आज त्याचं नाव गुडवीव्ह आहे. त्यांचे निरीक्षक न सांगता मागावर येतात आणि प्रत्येक गालिच्याला क्रमांकाचं लेबल लागतं. हे लेबल मिळवायचं तर कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कुठला माग चालू आहे याची नोंद हवी. ती नोंद नीट असली की डिलिव्हरीची तारीखही खरी सांगता येते. जयपूर रग्जने तर विणकरांशी थेट नातं जोडलं आणि ‘मनचाहा’ मालिकेत डिझाइनही त्यांच्याच हाती दिलं. मागावर बसलेल्या बाईच्या मनातून उतरलेल्या नक्षीची नक्कल करणारा नेहमी एक पाऊल मागेच राहणार.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तुर्की मालावर ते १५ टक्के होतं. माझ्या पाहण्यात आधी थांबल्या त्या फक्त भावावर मिळालेल्या ऑर्डरी. त्यांच्याबरोबर किती मागांवरचं काम गेलं हे मी पाहिलं आहे, म्हणून हा विषय मला पुस्तकी वाटत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात: भदोहीतच वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्पेट टेक्नॉलॉजी आहे, जेईई मेनमधून बी.टेक.ला प्रवेश मिळतो. इतर टेक्स्टाईल किंवा डिझाइन पदवीधरांनाही कामं मिळतात. सुरुवातीचे महिने ऑफिसात न बसता रंगाई, धुलाई आणि मागावर घालवू देतील अशी नोकरी घ्या, पगार थोडा कमी असला तरी. मुलाखतीत विचारा, जुने शेड कार्ड कुठे ठेवता? उत्तरावरून कारखाना कळतो.

मराठी मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेल्या चादरी त्याच नावाने सर्रास विकल्या जातात, कारण गिऱ्हाइकाला हात लावून फरक कळेल असं आपण त्याला शिकवलं नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीत मात्र तो फरक हाताला लगेच लागतो. ती काळी, जाड, खरखरीत असते. धनगर-सणगरांच्या घोंगड्यापलीकडे तिला फारसा भाव नाही. राजस्थानातल्या चोकला किंवा मगरा मेंढ्यांची लोकर गालिच्याला जास्त सोयीची, हे खरं. दख्खनी लोकरीत केसाळ तंतू जास्त, ते गळतात. पण काळा रंग तिच्यात मुळातच आहे, रंगाईची गरज नाही, आणि सपाट विणीच्या सतरंजीत गळण्याचा त्रास कमी करता येईल असं मला वाटतं. पदवीचा प्रकल्प शोधत असाल तर कातरणीच्या वेळी थोडी लोकर घ्या, तंतू हाताने निवडा, तीन वेगवेगळ्या पिळांचं सूत काढा, दोन-दोन फुटांचे नमुने विणा आणि घर्षणाची चाचणी करून कुठला पीळ कमी गळतो ते लिहून ठेवा.