‘कॅज्युअल’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘तो फार कॅज्युअल आहे’ हे वाक्य नाशिकमध्ये बहुधा तक्रारीच्या सुरातच ऐकू येते. कामात लक्ष नसलेला, वेळ न पाळणारा, कशाचेच गांभीर्य नसलेला माणूस म्हणजे कॅज्युअल, हा अर्थ आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की इंग्रजी लिहितानाही तोच गृहीत धरला जातो. गप्पांमध्ये त्याने काही बिघडत नाही. अर्जात, अहवालात आणि शोधनिबंधात मात्र बिघडते, कारण इंग्रजीत या शब्दाचा अर्थ त्याच्या पुढे येणाऱ्या नामावर ठरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक कारखान्यात होते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या सुपरवायझरने कामचुकार कामगाराविषयी ‘ही इज अ कॅज्युअल वर्कर’ असे लिहिले, तर वाचणारा त्याचा अर्थ ‘हा कायम कामगार नाही, काम निघेल तेव्हा बोलावला जाणारा आहे’ असाच घेईल. तक्रार पोहोचतच नाही. उलट त्या माणसाच्या नोकरीच्या स्वरूपाविषयी चुकीची नोंद कागदावर उमटते आणि पुढे वाद झाला तर तीच पुढे केली जाते. निष्काळजीपणा सांगायचा असेल तर ‘केअरलेस’ किंवा ‘निग्लिजंट’ हे शब्द आहेत, पण त्याहून बरे म्हणजे विशेषण बाजूला ठेवून ‘मशीन चालू ठेवून जागा सोडली’ अशी घडलेली गोष्टच नोंदवावी.

इंग्रजीत या शब्दाला निष्काळजीपणाची छटा अजिबात नाही, असे मात्र नव्हे. सुरक्षेसारख्या गंभीर विषयाबाबत कुणाचा ‘अ‍ॅटिट्यूड’ किंवा ‘अ‍ॅप्रोच’ कॅज्युअल आहे असे म्हटले, तर ती टीकाच असते. एरवी या शब्दात दोष नाही. शंका आली की त्या जागी ‘नैमित्तिक’, ‘अनौपचारिक’ आणि ‘वरवरचा’ हे मराठी शब्द एकेक करून ठेवून पाहावेत. जो चपखल बसेल तोच तिथला अर्थ.

द्राक्षबागांच्या संदर्भात वेगळाच घोटाळा होतो. दिंडोरी-निफाडकडे छाटणीला आणि काढणीला दरवर्षी ठरावीक काळात येणारे मजूर हंगामी असतात, आणि हंगामीसाठी इंग्रजी शब्द ‘सीझनल’ आहे. त्यांना ‘कॅज्युअल लेबर’ म्हटले की दरवर्षीची नियमितता पुसली जाते, कारण कॅज्युअलमध्ये काम पुन्हा मिळेलच असे काही अभिप्रेत नसते.

‘कॅज्युअल लीव्ह’ म्हणजे सहज म्हणून घेतलेली सुट्टी नव्हे. तिला मराठीत नैमित्तिक रजा म्हणतात आणि ते भाषांतर नेमके आहे: अचानक उद्भवलेल्या किरकोळ कारणासाठीची ही रजा असून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना ती साधारणपणे वर्षाला 8 दिवस मिळते. मूळ लॅटिन शब्द ‘कासुस’ म्हणजे पडणे, योगायोगाने घडणे; ‘कॅज्युअल्टी’ हा शब्दही त्याच मुळातला आहे. रुग्णालयातील ‘कॅज्युअल्टी’ला, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागाला, सर्रास ‘कॅज्युअ‍ॅलिटी’ म्हटले जाते आणि तसेच लिहिलेही जाते, ते टाळावे. सहजपणा किंवा अनौपचारिकपणा यासाठीचे नाम ‘कॅज्युअलनेस’ आहे.

स्पेलिंगची एक चूक संगणकाच्या तपासणीतूनही निसटते. ‘एस’ आणि ‘यू’ ही अक्षरे उलटसुलट पडली की ‘कॉझल’, म्हणजे कार्यकारणाचा, हा वेगळा पण अचूक शब्द तयार होतो आणि तांबडी रेघ उमटत नाही. ठिबक सिंचन आणि उत्पादन यांच्यात ‘कॉझल रिलेशनशिप’ आढळली असे लिहायचे असताना ‘कॅज्युअल रिलेशनशिप’ छापले गेले, तर त्या दोघांचे बांधिलकीविना प्रेमप्रकरण चालू असल्याचे परीक्षकाला वाचावे लागते. प्रबंध सादर करण्यापूर्वी हा एक शब्द संपूर्ण मजकुरात शोधून प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी तपासावा. दुसरा खात्रीचा उपाय नाही.

‘डोन्ट टेक इट कॅज्युअली’ हे वाक्य आपल्याकडे चालते, पण इंग्रजीत अशा वेळी ‘लाइटली’ अधिक स्वाभाविक वाटते. मुलाखतीच्या निमंत्रणात ‘स्मार्ट कॅज्युअल’ असेल तर टाय नसला तरी चालतो. ट्रॅक पँट चालत नाही.

शेवटी ‘नॉनशलंट’विषयी. हा कॅज्युअलचा भारदस्त पर्याय समजून वापरला जातो, पण त्याचा रोख माणसाच्या वागण्यावर असतो: काळजी वाटायला हवी अशा प्रसंगीही काहीच वाटत नसल्यासारखे, कधी कधी मुद्दाम, वागणे. त्यामुळे ‘नॉनशलंट लीव्ह’ किंवा ‘नॉनशलंट वर्कर’ असे प्रयोग होत नाहीत. शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या संयमाची स्तुती करताना हा शब्द लिहिला, तर वाचणाऱ्याला त्यात बेफिकिरी दिसण्याची शक्यता अधिक. तिथे ‘कम्पोज्ड’ लिहावे.