क्रॉस-प्रेझेंटेशनवर काम सुरू करताय? मग आधी हे बघा

पीएचडीला नवीन आलेली मुलं विचारतात क्रॉस-प्रेझेंटेशन कुठून सुरू करू, आणि डोक्यात एमएस्सीचा तक्ता फिट्ट असतो, पेशीच्या आतल्या प्रोटीनचे तुकडे एमएचसी (पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडणारा रेणू) क्लास वनवर म्हणजे सीडी८ (किलर) टी सेल्ससाठी, बाहेरून गिळलेल्याचे क्लास टूवर म्हणजे सीडी४ (हेल्पर) टी सेल्ससाठी. तक्ता बरोबरच आहे हो, पण डेंड्रिटिक सेल (डीसी, टी सेल्सना अँटीजेन दाखवणारी पेशी) मेलेली पेशी गिळते आणि तिचे तुकडे क्लास वनवरही लावते, हेच क्रॉस-प्रेझेंटेशन. नाहीतर जो व्हायरस डीसीत शिरतच नाही त्याची ओळख सीडी८ ला करून कोण देणार?

रिव्ह्यू नंतर वाचा, आधी इम्युनॉलॉजिस्ट मायकेल बेव्हनचं १९७६ चं काम वाचा. दुसऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर किलर टी सेल्स तयार झाल्या त्या यजमानाच्या स्वतःच्या एमएचसीवर तो अँटीजेन ओळखणाऱ्यासुद्धा! म्हणजे यजमानाच्याच कुठल्यातरी पेशीने माल उचलून दाखवला.

तुमच्या प्रयोगातही प्रश्न हाच, दाखवतंय कोण? ओव्हाल्ब्युमिन (ओव्हा, अंड्यातलं प्रोटीन) भरलेल्या पेशी यूव्हीने मारल्या, डीसीला दिल्या, ओटी-वन टी सेल्स (ओव्हाचा तुकडा क्लास वनवर ओळखणाऱ्या सीडी८) टाकल्या, सीएफएसईचे (पेशी विभागली की निम्मा होणारा रंग) मस्त पीक्स पडले, पार्टी. थांबा जरा. मेलेल्या पेशीवरच पेप्टाइड लागलेला असेल तर? म्हणून दाता पेशी बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन नसलेल्या घ्या, त्यांना क्लास वन धड लावताच येत नाही. आणि पेशी फुटून ओव्हा बाहेर गळतं, तर शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या वेलमध्ये डीसीला द्याच. शिवाय फिक्स केलेल्या (रसायनाने निष्क्रिय केलेल्या, म्हणजे गिळून तुकडे करू न शकणाऱ्या) डीसी ठेवा, त्यांना ओव्हाचा तयार सिइनफेकल पेप्टाइड दिला तर टी सेल्स जागल्या पाहिजेत, मेलेल्या पेशी दिल्या तर नाही.

डीसी कुठल्या वाढवता तेही बघा. लॅबमध्ये डीसी वाढवायला वर्षानुवर्षं जीएम-सीएसएफ हे सायटोकाइन चालत आलंय म्हणून तेच, असं नको, त्यात मॅक्रोफेजसारख्या पेशी खूप येतात. या कामातली पटाईत सीडीसी-१ (डीसीचाच एक प्रकार), ती वाढवायला फ्लिट-थ्री लिगँड. हिच्यावर एक्ससीआर-१ रिसेप्टर असतो आणि क्लेक-९ए असतो, जो फुटलेल्या पेशीतला उघडा पडलेला अ‍ॅक्टिन ओळखतो, भारी प्रकार आहे.

गिळलेल्या प्रोटीनचा पुढचा रस्ता सायटोसोलमधून (पेशीतल्या द्रवातून) प्रोटिएझोमकडे, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या यंत्राकडे, की फॅगोझोममध्येच (गिळलेल्या मालाच्या पिशवीत), यावर लोक अजून भांडतात, आणि तुम्हीही एक दिवस प्रोटिएझोम बंद करणारं लॅक्टासिस्टिन घालून बघणारच. घाला, पण त्याच दिवशी व्हायेबिलिटीही बघा, नाहीतर सिग्नल पडला म्हणून खूश व्हाल आणि डीसीच मेलेल्या असतील.