कार्बोरेटरवर टर्बो बसवताय? जेट आणायच्या आधी व्हेंट बघा

हे ब्लो-थ्रू करणाऱ्यांसाठी, म्हणजे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आधी, कार्ब नंतर. ड्रॉ-थ्रू, म्हणजे कार्ब आधी, टर्बो नंतर, दिसायला सोपं, १९७८च्या कावासाकी झेड१आर-टीसीत तसंच होतं, पण पेट्रोल टर्बोतून जातं, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) जमत नाही आणि टर्बोला कार्बन सील लागतं, नाहीतर थ्रॉटल बंद केला की तो ऑइल ओढतो. भंगारातला डिझेल गाडीचा टर्बो तिथे चालत नाही, विषय संपला.

आता खरी गोम. स्टँडवर बाईक झकास, रेस एकदम मोकळी, आणि बायपासवर लोड पडून बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा हवादाब, आला की अशी मरते जणू कोणी पेट्रोलचा कॉक बंद केला. इंदुरात कुठल्याही उस्तादाला विचारा, उत्तर ठरलेलं, "भिया, बड़ा जेट डाल दो." मीही सियागंजातून मोठे जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) आणून घालत बसलो, बूस्ट नसताना गाडी घसघसायला लागली, प्लग काळाठिक्कर, बूस्टमध्ये मात्र तेच रडगाणं.

फ्लोट बाऊलला, म्हणजे कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीला, व्हेंट (हवेचं भोक) असतो, त्यातून बाहेरचा दाब पेट्रोलवर बसतो, व्हेंचुरीत, म्हणजे कार्बच्या अरुंद गळ्यात, दाब किंचित कमी, तेवढ्याशा फरकावर पेट्रोल जेटमधून वर चढतं. तुम्ही कार्बच्या तोंडात ७ पीएसआय भरले आणि व्हेंट बाहेरच उघडा राहिला तर हा फरकच उलटा होतो, पेट्रोल वर यायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. ७ पीएसआय म्हणजे जवळपास ५ मीटर उंच पाण्याचा दाब, त्याच्यापुढे जेट काय करणार?

म्हणून व्हेंट प्लेनमला (टर्बो आणि कार्बच्या मधली हवेची पेटी) जोडा, आणि प्लेनमलाच. टर्बोजवळच्या बारीक पाइपातून घेतला तर तिथे हवा जोरात धावते, दाब कमी मिळतो, परत लीन, म्हणजे पेट्रोल कमी. थ्रॉटलच्या पुढे इंजिनच्या बाजूने घेतला तर बाऊलमध्ये व्हॅक्युम, आयडलच धरणार नाही. सीव्ही कार्ब (ज्याची स्लाइड केबल नाही, रबरी डायफ्राम उचलतो) असेल तर डायफ्रामच्या खालच्या बाजूलाही प्लेनमचाच दाब हवा, नाहीतर स्लाइड उचलत नाही.

बाऊलमध्ये दाब आला की टाकीतून नुसतं उतरणारं पेट्रोल आत शिरत नाही, पंप लागतोच. बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई साधारण २-३ पीएसआय धरते, म्हणजे ७ बूस्टला पंप ९-१० वर हवा, आणि बूस्ट बघून दाब वाढवणारा, रिटर्नवाला (जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणारा) रेग्युलेटर हवा. इंजेक्शनच्या बाईकचा पंप थेट जोडायचा शॉर्टकट मारू नका, तो ४०च्या आसपास मारतो, पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर. जळून जाल, गंमत नाही.

एवढं झाल्यावर जेट. हवेची घनता दीडपट झाली तर त्याच थ्रॉटल-आरपीएमला पेट्रोल तिच्या वर्गमुळाइतकंच, म्हणजे १.२२ पट वाढतं, त्यामुळे मेन जेट मोठा लागतोच. उस्तादांचं औषध बरोबर, क्रम चुकीचा.

घाबरू नका, जमतं. यामाहाने १९८२च्या एक्सजे६५० टर्बोत मिकुनी कार्बच वापरले होते. कॉलेजच्या टीमसाठी शिकत असाल तर मात्र थांबा, फॉर्म्युला एसएईत (कॉलेजच्या टीमनी बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) टर्बोसोबत कार्ब चालतच नाही, सरळ इंजेक्शन शिका.

आणि थ्रॉटलच्या स्पिंडलची सीलं नवी घाला, जुन्यातून बूस्टमध्ये पेट्रोलची वाफ बाहेर येते. इंजिन बंद ठेवून, पेट्रोल काढून, प्लेनममध्ये हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून तपासा.