माल चढवायचा पट्टा: कन्व्हेयर बेल्ट निवडताना आधी चढ मोजा

कन्व्हेयर बेल्ट घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, "मीटरचा काय भाव?" आणि मग, "जाडी किती?" एवढ्या दोन प्रश्नांवर घेतलेले पट्टे वर्षाच्या आत खोलायला मी दर हंगामात जातो. पट्ट्यात खोट नसते. तो त्या मालाचा आणि त्या चढाचा नसतो, एवढंच. भाव आणि जाडी सगळ्यात शेवटी बघायची.

माल कोणता, त्यावर पट्ट्याची जात

खडी, वाळू, कोळसा असेल तर रबरी पट्टा. गोण्या, खोकी, कांदा, बटाटा यांना पीव्हीसी. उघडा खाद्यपदार्थ थेट पट्ट्यावर पडणार असेल तर खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित पीयू (पॉलियुरेथेन). फळं-भाज्या धुण्याच्या लाइनवर, जिथे दिवसभर पाणी वाहतं, तिथे प्लास्टिकच्या कड्यांचा मॉड्युलर पट्टा; एक कडी तुटली तर पिन काढून तेवढीच बदलता येते. भट्टीतून जायचं असेल तर तारेची जाळी. माल साधारण 60 अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल तर साधं रबर आणि पीव्हीसी दोन्ही विसरा, उष्णतारोधक मागा. शेंगदाणा, पेंड, तेलकट सुटे भाग असतील तर तेलरोधक मागा. साधं रबर तेल पिऊन फुगतं. आणि कडक, सपाट बुडाचे क्रेट सपाट जागेवरूनच सरकवायचे असतील तर पट्टा घेऊच नका, नुसते रोलर पुरतात. फक्त एका क्रेटखाली कायम तीन रोलर राहतील इतके ते जवळ लावा.

एवढं पाच मिनिटांत ठरतं. खरी चूक याच्या पुढे होते.

चढ: इथे घाई करू नका

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक लासलगावकडच्या एका कांद्याच्या खळ्यातलं होतं. ट्रॉलीतून कांदा खाली पडायचा आणि तिथून ग्रेडिंगच्या जाळीपर्यंत चढवायचा होता. जागा कमी होती म्हणून चढ 20 अंशांच्या आसपास धरला. खडी 18 ते 20 अंशांवर साध्या पट्ट्यावरून आरामात चढते, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. पट्टा गुळगुळीत पीव्हीसीचा टाकला. मशीन सुरू केलं आणि पहिला थर निम्म्यात येऊन मागे फिरला. वरून येणारा कांदा खालच्यावर आपटत होता, सालीची पत्ती सुटून हॉपरभर, म्हणजे माल पडतो त्या पेटीभर, उडत होती. दहा मिनिटांत खाली ढीग झाला आणि हमालांनी फावडी हातात घेतली.

चूक माझीच होती. खडी घसरते, कांदा गडगडतो. खडीचे कोनेकपरे एकमेकांत अडकतात आणि थर बसून राहतो. गोल वस्तूला बसायला काही नसतं, थोडा उतार मिळाला की ती निघाली. नदीतल्या धुतलेल्या गोट्यांचंही तेच. फोडलेली खडी 18 अंशांवर चढते, पण हे गोल गोटे 12 अंशांपुढे साध्या पट्ट्यावर नेऊ नयेत. म्हणून "साध्या पट्ट्याला 20 अंश चालतात" असं कोणी सांगितलं की आधी विचारा, कोणत्या मालाला?

मग मी दुसरी चूक केली. कोणीतरी म्हणालं, शेवरॉन टाका, म्हणजे वर इंग्रजी व्ही आकाराच्या उंचवट्यांची नक्षी असलेला रबरी पट्टा. मी टाकला. कांदा चढला, पण नक्षीच्या कडांनी पत्ती सोलली जाऊ लागली, आणि सुटलेली पत्ती आणि माती खाचांत बसली. नक्षीच्या पट्ट्यावर पात्याचा स्क्रेपर, म्हणजे घाण खरवडणारी पट्टी, लावता येत नाही. त्यामुळे ती घाण परतीच्या बाजूला रोलरवर पडायची, रोलरवर थर चढायचा आणि पट्टा एका बाजूला पळायचा. शेवरॉन खडीला आणि कोरड्या सुट्या मालाला चांगला, साधारण 30 अंशांपर्यंत नेतो. ओली, चिकट माती असलेल्या मालाला तो कोणी सुचवला तर ऐकू नका. नाजूक सालीच्या मालाला तर अजिबात नको.

शेवटी टिकला तो क्लीटचा पीव्हीसी पट्टा, म्हणजे ठरावीक अंतरावर रुंदीला आडव्या, वर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या चिकटवलेला. त्यातही तीन गोष्टी बघाव्या लागतात. क्लीटची उंची कांद्याच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर मोठा कांदा उडी मारून मागच्या कप्प्यात येतो. क्लीट दोन्ही कडांपर्यंत नेऊ नका, कडेला बोट-दोन बोटं मोकळी सोडा. आडव्या भागातून पट्टा वर वळतो तिथे तो ताणामुळे हवेत उचलला जातो. त्याला या मोकळ्या कडांवरूनच दाबून धरता येतं, आणि परतीचा पट्टाही याच कडांवर टेकून येतो. तिसरं, अशा वळणासाठी रुंदीच्या दिशेने ताठ असलेला पट्टा मागा. नरम पट्टा मध्ये झोळीसारखा लोंबतो आणि क्लीट उखडतात.

आता हे सगळं आधीच कळावं म्हणून मी काय करतो ते सांगतो. मीटरभर लांबीची फळी घ्या. तिच्यावर दुकानदाराकडून आणलेला पट्ट्याचा तुकडा ठोका. त्यावर तुमचा खरा माल ठेवा. खळ्यात असतो तसा, माती आणि सुटी पत्ती असलेला, स्वच्छ निवडलेला नव्हे. एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हळूहळू उचला. उचललेलं टोक जमिनीपासून 21 सेंटिमीटर वर आलं की 12 अंश झाले, 31 ला 18, 42 ला 25 आणि 50 ला 30. माल ज्या उंचीला हलला तिचे अंश लिहून ठेवा आणि त्यातून निदान पाच अंश कमी करा. फळी स्थिर असते. चालता पट्टा प्रत्येक रोलरवर हादरतो, आणि वर्षभरात त्याचा वरचा थर गुळगुळीत होतो. नंतर तुकडा पाण्याने ओला करून पुन्हा तेच करा. पावसाळ्यात काम चालणार असेल तर ओला आकडाच धरा.

गोण्यांसाठीही हीच फळी. ज्यूटची गोणी धरून राहते, प्लास्टिकची विणलेली गोणी त्याच पट्ट्यावर सटकते. बारदान बदललं की चाचणी पुन्हा. अशा गोण्यांना खरखरीत पाठीचा पट्टा घ्या. उभ्या खोक्यांचा प्रश्न वेगळा असतो, ती घसरायच्या आधी कलंडतात. 30 सेंटिमीटर रुंद आणि 60 उंच खोकं, वजन मध्यभागी असेल तर 26 अंशांच्या पुढेच पडतं, आणि हादऱ्याने त्याहून खूप आधी. आडवं ठेवा.

आणि चढ कमी करता येत असेल तर भारी पट्ट्यापेक्षा तोच मार्ग घ्या. चार मीटर उंची गाठायला 18 अंशांवर तेरा मीटर लांबी लागते, 25 अंशांवर साडेनऊ, 30 अंशांवर आठ. जागा असेल तर सांगाडा लांब करा आणि साधा पट्टा टाका; साधा पट्टा साफ होतो, दुरुस्त होतो, कुठेही मिळतो. जागाच नसेल आणि जवळजवळ सरळ उभं न्यायचं असेल तर क्लीट आणि दोन्ही कडांना नागमोडी साइडवॉल (उभ्या भिंती) असलेला पट्टा लागतो. तो महाग असतो, पण त्या ठिकाणी दुसरं काही चालत नाही.

चढाच्या प्रत्येक पट्ट्याला बॅकस्टॉप, म्हणजे पट्टा उलटा फिरू न देणारा अडसर, हवाच. वीज गेली की भरलेला पट्टा उलटा धावतो आणि खाली उभ्या माणसाच्या अंगावर माल येतो. हा खर्च कोणी वाचवायला सांगितला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

रुंदी, जाडी, खालची बाजू

रुंदी सगळ्यात मोठ्या तुकड्यावरून ठरते. खडीत मोठे तुकडे थोडेच आणि बाकी बारीक असेल तर मोठ्या तुकड्याच्या तिप्पट रुंदी, सगळेच मोठे असतील तर पाचपट.

"जाड घ्या, जास्त टिकेल" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. जाड पट्टा लहान पुलीवर, म्हणजे टोकाला ज्यावरून पट्टा वळतो त्या चाकावर, प्रत्येक फेरीला मोडल्यासारखा वाकतो, आतले थर सुटतात, जॉइंट आधी उघडतो. पुली बदलणार नसाल तर पुलीचा व्यास सांगून त्यावर चालेल असाच पट्टा मागा. रबरी पट्ट्यावर 400/3 असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीन प्लाय (आतले कापडाचे थर) मिळून दर मिलिमीटर रुंदीला 400 न्यूटन ताकद. धारदार खडीला वरचं कव्हर, म्हणजे रबराचा थर, आयएस 1891 या भारतीय मानकाच्या एम-24 दर्जाचं घ्या; एन-17 हलक्या कामाला ठीक.

खालची बाजू कोणी विचारतच नाही. पट्टा रोलरवर नसून पत्र्यावर घासत जाणार असेल तर खाली उघडं कापड हवं. तिथे रबर आलं तर मोटर तापत राहते, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

ऑर्डर

माल, चढाचे अंश, दोन्ही पुलींचे व्यास, रुंदी, लांबी आणि खाली रोलर की पत्रा, एवढं कागदावर लिहून द्या. जॉइंट शक्यतो व्हल्कनाइझ, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन एकजीव, करून घ्या. खाद्यपदार्थाच्या पट्ट्याला धातूच्या क्लिपा लावू देऊ नका. लांबी लिहिताना हातभर जास्त धरा. पट्टा आला की जॉइंटच्या आधी तो जास्तीचा तुकडा कापा, मागच्या बाजूला तारीख आणि चढाचे अंश मार्करने लिहा आणि विजेच्या पॅनेलच्या आत टांगून ठेवा. पुढच्या वेळी फळीवर तोच ठोकायचा आहे.