सायलेंट अक्षरं: बडोद्यातल्या मुलांच्या या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परदेशी निघालेली मराठी मुलं आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाला येतात. पहिल्याच दिवशी हमखास कानावर पडतं ते ‘रिसिप्ट’. त्यातला ‘पी’ बोलायचाच नसतो. म्हणा ‘रिसीट’. तसंच ‘सबटल’ नव्हे, ‘सटल’. ‘डेब्ट’ नव्हे, ‘डेट’, तारखेच्या ‘डेट’पेक्षा जरा आखूड. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे पंडितांना लॅटिन ‘डेबिटम’ आठवला आणि त्यांनी तो घुसडला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आलाय.

‘नाइफ’, ‘नी’ यांतल्या ‘के’ची गोष्ट वेगळी. तो एकेकाळी खरंच बोलला जायचा. उच्चार गेला, लिखाण राहिलं. मुलं यावर हसतात. मग मी आजोबांची जुनी वही काढतो: ‘नांव’, ‘पांच’, ‘दांत’. आपण ते अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले, इंग्रजीने आपले ठेवले, एवढंच.

हुशार मुलांची चूक उलटी असते. ‘एम’नंतरचा ‘बी’ सायलेंट, एवढं कळलं की ‘टिंबर’चंही ‘टिमर’ करून टाकतात! मूळ शब्दच ‘एमबी’ने संपत असेल तर ‘बी’ गिळायचा: ‘क्लाइम’, म्हणून ‘क्लाइमर’, ‘प्लम’, म्हणून ‘प्लमर’. ‘टिंबर’, ‘नंबर’ यांचं तसं नाही, तिथे ‘बी’ स्वच्छ म्हणायचा. (हे इंग्रजी बोलताना. मराठीत ‘प्लमर’ला बोलवाल तर नळ गळतच राहील.)

उच्चार जमला की स्पेलिंग बिघडतं, आणि ऐकण्याच्या पेपरात चुकीच्या स्पेलिंगला गुण मिळत नाही. माझा उपाय साधा आहे: शब्दाचे नातेवाईक शोधा. ‘साइन’मधला मुका ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, ‘मसल’मधला ‘सी’ ‘मस्क्युलर’मध्ये आणि ‘ऑटम’मधला ‘एन’ ‘ऑटम्नल’मध्ये. ‘सॉफन’ लिहिताना ‘सॉफ्ट’ आठवला की ‘टी’ सुटत नाही. ‘वेन्सडे’ला मात्र असा नातेवाईक हाताशी नाही, लिहिताना मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणा, तोंडाने नको.

‘एच’ने मी स्वतः मार खाल्लाय. नोकरीच्या पहिल्याच अर्जात ‘अ ऑनेस्ट’ लिहिलं होतं. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर पाहून ठरवायचं नाही, ऐकून ठरवायचं. म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. गंमत आपल्या गावातच आहे: ‘अ युनिव्हर्सिटी ग्रॅज्युएट’, पण तोच विद्यार्थी ‘ॲन एम. एस. युनिव्हर्सिटी ग्रॅज्युएट’, कारण ‘एम’ म्हणताना तोंडातून आधी ‘ए’ निघतो.

‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’ यावर मात्र भांडत बसू नका. शब्दकोशांत दोन्ही सापडतात.