किनाऱ्यावर सापडलेला हाडाचा तुकडा ओळखताना या चुका टाळा

ओहोटीच्या वेळी वाळूत जीवाश्मासारखा काळपट, जड तुकडा सापडला की बहुतेक नवखे लगेच ‘हा कोणत्या प्राण्याचा?’ असे विचारतात. तो मुळात हाडाचा आहे की नाही, हे त्यांनी तपासलेलेच नसते.

आकारावरून निदान करणे ही सर्वांत जुनी खोड आहे. लाटांनी झिजलेला चकमकीचा गोटा हुबेहूब सांध्याच्या टोकासारखा दिसू शकतो, तर खऱ्या हाडाचा साधा खडा झालेला असू शकतो. म्हणून मी आकृतीकडे वळण्याआधी तुटलेली कड भिंगाखाली धरतो. हाडात बाहेरून घट्ट थर आणि आत पातळ भिंतींची जाळी असते. थर झिजला की तीच जाळी पृष्ठभागावर दिसते. ज्वालामुखीय खडकातील भोके सुटी आणि बहुधा गोलसर असतात, तर प्रवाळाच्या कप्प्यांत केंद्राकडे जाणारे पडदे दिसतात. एवढे पाहण्याचा धीर नसलेल्याने प्राण्याचे नाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या बाबतीत तज्ज्ञही फसले आहेत: इंग्लंडमधील ऑस्ट येथे सापडलेली, १८५० मध्ये वर्णन केलेली मोठी दंडगोलाकार हाडे दीर्घकाळ डायनासोरसारख्या भूचर प्राण्यांच्या पायांची समजली जात होती. इंग्लंडमधल्याच लिलस्टॉकच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये सापडलेल्या जबड्याच्या तुकड्याशी तुलना झाल्यावर, २०१८ च्या अभ्यासात ती महाकाय इक्थिओसॉरच्या (समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या सरीसृपाच्या) जबड्याची असावीत, असा निष्कर्ष निघाला.

दुसरी चूक उतावळ्या साफसफाईची. एका उत्साही तरुणाने मणक्याचा तुकडा सापडल्या दिवशीच उन्हात वाळवला, सँडपेपरने घासला आणि वर चकचकीत व्हार्निश चढवले. काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला तेव्हा आत अडकलेल्या समुद्री मिठाचे स्फटिक वाढून व्हार्निशसह पापुद्रे सुटले होते, आणि बरगडी जिथे जोडली जाते ते उंचवटे सँडपेपरनेच नाहीसे केले होते. मणका कोणाचा हे सांगण्यासाठी नेमके तेच हवे होते. मी असा तुकडा गोड्या पाण्यात ठेवतो, पाणी अनेक आठवडे बदलत राहतो आणि मग सावलीत सावकाश सुकवतो. मात्र त्यात पायराइटची (लोह आणि गंधक यांच्या खनिजाची) सोनेरी चमक दिसली, तर तो भिजवत न ठेवता कोरड्या जागी जपतो. व्हार्निशची बाटली माझ्या टेबलावर नसतेच.

काळा रंग म्हणजे प्राचीनता नव्हे. तो गाळातील खनिजांमुळेही येतो. हाड आहे का हे पाहायला तापलेली सुई टोचणाऱ्यांना नमुन्यावर कायमचा डाग मिळतो. जिभेला चिकटणे केवळ सच्छिद्रता दाखवते, आणि तसे तर मातीचे ढेकूळही चिकटते. व्हिनेगर टाकल्यावर फेस आला म्हणून हाड नाही असे ठरत नाही, कारण जीवाश्माच्या छिद्रांत चुनखडी भरलेली असू शकते. आणि आम्लाने हाडही खराब होते. तुकडा ताजा, हलका आणि मानवी वाटत असेल तर तो जागेवरून न हलवता पोलिसांना कळवावे.

संग्रहालयाला विचारताना मोजपट्टीसह सर्व बाजूंचे आणि तुटलेल्या कडेचे फोटो पाठवावेत. तुकडा कोणत्या कड्याखाली, वाळूत की खडकात सापडला, हेही लिहावे. एकच अंधूक फोटो पाठवून ‘डायनासोरच आहे ना?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर उशिरा मिळते, याचे मला नवल वाटत नाही.